दुभाषी घेऊन थेरपी: नव्या थेरपिस्टना काय शिकवायचं? (सांगली-मिरज)

वाचा_मिरज:
नव्या वाचा-भाषा थेरपिस्टसाठी दोन अर्ध्या दिवसांचं ट्रेनिंग ठेवायचंय. आमच्याकडे जत-अथणी भागातून कन्नड बोलणारी घरं येतात, गळीत हंगामात ऊसतोडीच्या तांड्यांवरची गोरमाटी (बंजारा समाजाची भाषा) बोलणारी मुलं. दुभाषी म्हणून वॉर्डातल्या मावशी, नाहीतर आशाताई. लेक्चर नको, सराव हवा. काय घ्यावं?

कृष्णाकाठ:
आधी प्रश्न तोडायला शिकवा. "गरोदरपणात त्रास झाला होता का, आणि बाळ लगेच रडलं का?" असं एका दमात विचारलं की पलीकडून "हो" येतं. कशाला हो, ते कुणालाच कळत नाही. एक प्रश्न, थांबा, उत्तर, मग पुढचा. बघायचं आईकडे आणि म्हणायचं "तुम्ही". दुभाष्याकडे वळून "त्यांना विचारा" नको.

दुसरा सराव: कन्नड येणारं कुणीतरी आई होतं आणि उत्तरात बाळाला झटके आल्याचं सांगतं. दुभाष्याला आधीच गुपचूप सांगून ठेवा, झटक्यांचं गाळायचं. आई मिनिटभर बोलली आणि मराठीत "तब्येत बरी होती" एवढंच आलं, तर थेरपिस्ट थांबतो का बघा. "मधलं सगळं सांगा, विषय सोडून असलं तरी चालेल," हे वाक्य तोंडात बसेपर्यंत हाच सराव घ्या.

ध्वनी_विश्रामबाग:
हे हिस्टरीपुरतं, म्हणजे मुलाची आधीची माहिती विचारण्यापुरतं झालं. खरा घोळ असेसमेंटमध्ये होतो. "चेंडू टेबलाखाली ठेव" सांगताना दुभाषी नकळत टेबलाकडे बघतो, मग मूल नजरेमागं जातं आणि आकलन चांगलं असल्याची नोंद होते. म्हणून सेशनआधी १०-१५ मिनिटं दुभाष्याबरोबर बसाच: खुणा नाहीत, सूचना एकदाच, शाबासकी फक्त थेरपिस्ट देणार. मुलानं अर्धवट, चुकीचं म्हटलं तर तसंच्या तसं सांगायचं. दुरुस्त करून दिलं की हाती काहीच उरत नाही. पालकांची परवानगी घेऊन रेकॉर्डिंग ठेवा आणि मूल गेल्यावर १० मिनिटं दोघांनी मिळून ऐका.

घरची भाषाही थोडी माहीत हवी. कन्नड घरातलं मूल 'बस'ला 'बस्सु' म्हणालं किंवा 'खोका'चा 'कोका' केला, तर लगेच उच्चारदोष लिहू नका. 'चमचा'तला च कन्नडमध्ये नाहीच. दुभाष्याला एवढंच विचारा: घरातली मोठी माणसं असंच बोलतात का? आणि मराठी टेस्ट तोंडी भाषांतर करून घेतली असेल तर वयाचा स्कोअर (मूल किती वर्षांच्या पातळीवर आहे तो आकडा) काढायचा नाही, रिपोर्टमध्ये वर्णन लिहायचं. ही सवय मोडायला वेळ लागतो, कारण आकडा दिसला की सगळ्यांनाच बरं वाटतं.

तासगाव_रोड:
मावशींबद्दल मतभेद आहे. भाषा येते म्हणजे दुभाषी होता येतं असं नाही. मावशी त्याच गावच्या निघाल्या तर आई मोकळी बोलणार नाही. आधी विचारा, "यांच्यासमोर चालेल का?", आणि तेही आईला एकटीला. थोरल्या बहिणीला तर कधीच बसवू नका. आईची बाळंतपणं आणि घरातली भांडणं तिनं का ऐकायची?

निदान सांगताना शब्द आधी ठरवून घ्या. नाहीतर 'ऑटिझम'चं पलीकडं "जरा मंद आहे" होतं. आणि दुभाष्याच्या तोंडून "घरात फक्त मराठी बोला" असा सल्ला जाऊ देऊ नका. दोन भाषांमुळं भाषादोष होत नाही. आईची भाषा तोडली की मुलाशी बोलणारंच कुणी उरत नाही.

वाचा_मिरज:
गोरमाटीसाठी जवळ कुणीच नाही. फोनवरून चालेल?

ध्वनी_विश्रामबाग:
हिस्टरीला आणि पालकांशी बोलायला चालेल. स्पीकर मध्ये ठेवा, वाक्यं आणखी छोटी. उच्चार तपासायला नको: साध्या कॉलमध्ये साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच जातं, 'स'चा बराचसा आवाज त्याच्या वर असतो. दुभाष्याला 'स' आणि 'श' नीट वेगळे ऐकू येतीलच असं नाही. तपासणीसाठी मुकादमाकडून तांड्यातलीच, पण नात्यातली नसलेली बाई मिळते का बघा, आणि तिचा रोज बुडेल तो द्या.

कृष्णाकाठ:
वेळही दुप्पट धरा. अर्ध्या तासाची हिस्टरी दुभाष्याबरोबर तासभर चालते. अपॉइंटमेंट तशी दिली नाही तर पहिल्यांदा कापली जाते ती सेशनआधीची बैठक.