पार्क केलेल्या गाडीचं दार उघडताना सायकलवाला धडकला, तर चूक कोणाची?

प्रश्न: गाडी कडेला उभी होती. मागच्या सीटवरच्या प्रवाशाने दार उघडलं आणि सायकलस्वार दारावर आदळला. जबाबदार कोण? हे टाळायचं कसं?

उत्तर १: मुख्य जबाबदारी सहसा दार उघडणाऱ्याची. १९६८ च्या व्हिएन्ना रस्ता वाहतूक करारातला नियम स्पष्ट आहे: इतरांना धोका नाही याची खात्री केल्याशिवाय दार उघडायचं नाही, उघडं ठेवायचं नाही, उतरायचंही नाही. चालकाने धोकादायक जागी थांबवून उतरायला सांगितलं असेल तर त्याच्यावरही भार येऊ शकतो. सायकलला रात्री दिवा नसेल तर काही ठिकाणी भरपाई कमी होते. पण ‘तो फार जवळून जात होता’ एवढ्यावर सुटका होईल असं समजू नका.

उत्तर २: दाराच्या विरुद्ध बाजूच्या हाताने कडी ओढा. खांदा आपोआप वळतो आणि नजर मागे जाते. आधी आतला आरसा, मग बाहेरचा, मग खांद्यावरून मागे. फक्त आरशावर विसंबू नका, बाजूचा काही भाग त्यात दिसतच नाही. दार आधी थोडंसंच उघडा.

ताशी २० किमी वेगाची सायकल सेकंदाला साडेपाच मीटर जाते. ब्रेक दाबेपर्यंतच तेवढं अंतर संपतं. मुलं मागे असतील तर चाइल्ड लॉक लावाच.

उत्तर ३: अपघात झालाच तर आधी जखमीकडे बघा. मग दार हलवण्यापूर्वी फोटो काढा: दार किती उघडं होतं, कडेवरचा ओरखडा, सायकल कुठे पडली. डॅशकॅमचं चित्रण लगेच वेगळं जपून ठेवा, नाहीतर त्यावर नवं रेकॉर्ड होतं.