मानेच्या मणक्याची दुखापत : मुंबईत बीसीआय (मेंदूचे सिग्नल ओळखून यंत्र चालवणारी ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेस) ट्रेनिंग कुणी घेतलंय का?

धाकट्या भावासाठी विचारतेय. मानेतल्या सी-५ पातळीची अपूर्ण इजा, एएसआयए (ASIA) मोजपट्टीवर ग्रेड सी, म्हणजे इजेच्या खाली थोडी हालचाल आहे पण ताकद कमी. खांदा हलतो, कोपर वाकतं, पण बोटं उघडत नाहीत. हाजीअलीच्या सरकारी पुनर्वसन संस्थेत दाखवलंय. फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी, स्प्लिंट नियमित चालू आहे. एफईएसही (स्नायूला करंट देऊन हलवणं) झालं. मशीन चालू असेपर्यंत मूठ वळते, बंद केलं की संपलं.

आता ईईजी (डोक्यावरून मेंदूचे विद्युत सिग्नल टिपणाऱ्या) टोपीवालं बीसीआय हवंय, म्हणजे त्याने हात हलवायचा विचार केला की तो सिग्नल ओळखून त्याच क्षणी स्नायूला करंट मिळेल असं. एका खासगी सेंटरने 'बीसीआय' म्हणून दाखवलं ते निव्वळ टायमरवर उघडझाप करणारं रोबोटिक ग्लोव्ह निघालं! फी मात्र भरभक्कम.

डोक्यात चिप बसवायची नाही. बॅक्लोफेन (स्नायूंचा ताठरपणा कमी करणारं औषध) चालू आहे, बीपी अचानक चढतं, त्यामुळे देखरेख लागेल. व्हीलचेअर लोकलमध्ये नेणं अवघड, म्हणून दादर-ठाणे पट्ट्यात असेल तर उत्तम. ट्रायल असली तरी चालेल, पण सीटीआरआयवर (क्लिनिकल ट्रायल्सची सरकारी नोंदवही) नोंदलेलीच.

स्ट्रोकमुळे पॅरालिसिस झालेल्या पेशंटांचे अनुभव बरेच मिळाले. मणक्याच्या इजेत कुणी हे केलंय का, आणि मशीन काढल्यावरही पकड टिकली का?