जुना ट्रॅव्हल ट्रेलर: आठ जणांची सोय खरोखर होते का?

कोलंबसवासी
नमस्कार. आम्ही ओहायोत राहतो. येत्या उन्हाळ्यात आई-बाबा पुण्याहून येणार आहेत आणि त्यांना व आमच्या दोन्ही मुलांना घेऊन मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलात जाण्याचा विचार आहे. त्यासाठी २०१६ सालचा, २८ फुटी वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचे चाकांवरचे छोटे घर) पाहून आलो. पुढच्या टोकाला क्वीन आकाराचा पलंग, मध्यभागी स्वयंपाकाचा ओटा, त्याच्यासमोर स्लाइड-आउटमध्ये (मुक्कामी बाहेर सरकवता येणाऱ्या भागात) जेवणाचे टेबल आणि सोफा, मागे एका कोपऱ्यात एकावर एक दोन बंक आणि दुसऱ्या कोपऱ्यात न्हाणीघर अशी रचना आहे. टेबल खाली उतरवले की त्याचाही पलंग होतो, म्हणून मालक ‘आठ जणांची सोय’ असे सांगतात. रिकामे वजन ५,६०० पाउंड आणि सामानासह कमाल वजन ७,००० पाउंड आहे. आमची एसयूव्ही ८,००० पाउंड ओढू शकते, त्यामुळे वजनाची चिंता नाही. ज्येष्ठांना ही मांडणी सोयीची पडेल का आणि इतक्या जुन्या ट्रेलरमध्ये काय तपासावे?

तंबूतून_ट्रेलरकडे
मांडणी पाहताना मालकांना स्लाइड-आउट आत घ्यायला सांगा आणि त्या अवस्थेत न्हाणीघरापर्यंत जाता येते का, हे स्वतः चालून पाहा. प्रवासात वाटेत थांबल्यावर आई-बाबांना त्याचीच गरज लागेल आणि काही ट्रेलरमध्ये स्लाइड बंद असताना ती वाटच अडते. रात्री झोपायला त्यांना पुढचा पलंग द्यावा, मात्र त्याच्या दोन्ही बाजूंनी उतरता येते का ते पाहावे. भिंतीला चिकटलेल्या पलंगावर आतल्या बाजूच्या माणसाला दुसऱ्याला ओलांडूनच उठावे लागते. दाराबाहेरच्या घडीच्या पायऱ्या उंच असतात, तेव्हा दाराशेजारची पकडायची दांडी घट्ट आहे ना, हे हलवून पाहा.

स्वयंपाकाबाबत अनुभवाचे सांगतो: फोडणी घातली की धुराचा अलार्म हमखास वाजतो, म्हणून छतातला पंखा चालू स्थितीत हवाच. विजेची जोडणी ३० अँपिअरची असेल, तर एसी आणि मायक्रोवेव्ह एकाच वेळी लावल्यास ब्रेकर पडण्याची शक्यता असते.

गळती_शोधक
मांडणी नंतर पाहा, आधी पाणी कुठे मुरले आहे ते शोधा. छतावरच्या खिडक्या आणि एसीभोवतीचे सीलंट तडकले की पाणी लाकडी सांगाड्यात झिरपते आणि आतून काहीच दिसत नाही. पुढच्या पलंगाखालचे कप्पे, बंकचे कोपरे आणि स्लाइड-आउटच्या कडेची जमीन हाताने दाबून पाहावी. मऊ लागली तर व्यवहार तिथेच थांबवावा. बाहेरच्या फायबरग्लासवर फुगवटा दिसत असेल, तर आतला थर सुटला आहे असे समजावे. टायरवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१६ म्हणजे टायर २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. असे मूळ टायर अजून असतील, तर नक्षी कितीही खोल दिसली तरी ते बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत.

हिच_आणि_हिशेब
वजनाची चिंता नाही, हे आपले गृहीतक मला पटत नाही. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार हिचवर (गाडीला ट्रेलर जोडायच्या सांध्यावर), म्हणजे पर्यायाने गाडीवर येतो आणि तो गाडीच्या पेलोडमधून, म्हणजे गाडी स्वतःवर पेलू शकते त्या कमाल वजनातून, वजा होतो. याच पेलोडमध्ये सर्व प्रवासी आणि डिकीतले सामानही धरायचे असते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळा-पांढरा स्टिकर असतो, त्यावरचा आकडा पाहा. धावत्या ट्रेलरमध्ये माणसे बसवणे अनेक राज्यांत बेकायदेशीर आहे आणि धोक्याचे तर सगळीकडेच, त्यामुळे सहाही जण गाडीतच असणार. शिवाय ४० गॅलनची टाकी भरून निघालात, तर पाण्याचेच सुमारे ३३४ पाउंड होतात. ती मुक्कामाला पोचल्यावर भरलेली बरी.

कोलंबसवासी
सर्वांचे मनःपूर्वक आभार. स्टिकरवर १,५१० पाउंड असे लिहिले आहे. पूर्ण भरलेल्या ट्रेलरचे १३ टक्के धरले तर ९१० पाउंड हिचवर येतात आणि उरलेल्या ६०० पाउंडांत आम्ही सहा जण काही मावत नाही. आमची एकत्रित वजनेच ८०० च्या वर जातात. तेव्हा मी मुलांना घेऊन ट्रेलर ओढायचा आणि पत्नीने आई-बाबांना दुसऱ्या गाडीतून आणायचे, असे ठरवतो आहोत. शनिवारी पावसाचा अंदाज आहे, म्हणून ट्रेलर पुन्हा पाहायला मुद्दाम त्याच दिवशी जाणार आहे.