प्रतिसाद : ग्रीन्सबरोचं विद्यापीठ

वर एकांनी विचारलंय, वंशभेदाचे कायदे संपल्यावर अमेरिकेत कृष्णवर्णीयांची वेगळी विद्यापीठं हवीत कशाला? ग्रीन्सबरो गावातल्या नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी (म्हणजे शेतकी आणि तांत्रिक) या सरकारी विद्यापीठाचं उदाहरण देतो. 1890च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना बजावलं की, शेतकी-तांत्रिक कॉलेजांत कृष्णवर्णीयांना प्रवेश द्या, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळं कॉलेज काढा. राज्याने दुसरा मार्ग धरला आणि 1891 साली हे कॉलेज निघालं.

पण तिथल्या मुलांनी त्याचं काय केलं बघा! 1 फेब्रुवारी 1960ला पहिल्या वर्षाची चार मुलं गावातल्या वूलवर्थ दुकानात गेली. आधी टूथपेस्टसारख्या किरकोळ वस्तू घेऊन पावती जपून ठेवली, मग तिथल्याच फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या खाण्याच्या काउंटरवर बसून कॉफी मागितली. मिळाली नाही, तरी दुकान बंद होईपर्यंत ती उठली नाहीत. वस्तू विकताना चालतो, मग कॉफी देताना का नाही, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी पुस्तकं घेऊन आले, तिथेच अभ्यास करत बसले. शेजारच्या बेनेट कॉलेजच्या मुलीही यात होत्या. त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. जुलैत दुकानदार नमला.

चॅलेंजर अंतराळयानाच्या दुर्घटनेत गेलेले अंतराळवीर रोनाल्ड मॅकनेअर इथलेच, 1971चे भौतिकशास्त्राचे पदवीधर. दर शरद ऋतूत माजी विद्यार्थी होमकमिंग या वार्षिक मेळाव्याला लोटतात. निळ्या-सोनेरी गणवेशातला बँड, फुटबॉल, आणि मैदानाबाहेर तीन-तीन पिढ्यांच्या पंगती. नुसत्या नाइलाजाने आलेली माणसं नातवंडांना घेऊन परत येत नाहीत.