साठीनंतर शरीरसंबंध: कोरडेपणा, गोळी आणि शागोती

प्रश्न (फोंडा): साठीनंतर इच्छा असते, पण बाईला दुखतं, पुरुषाची ताठरता टिकत नाही. घरचं खोबरेल चालेल? गोळी कधी घ्यावी?

म्हापशाहून: पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बाईचं हार्मोन घटतं, योनीचं अस्तर पातळ आणि कोरडं होतं. खोबरेल तात्पुरतं ठीक; कंडोम वापरत असाल तर नको, तेलाने लेटेक्स फाटतं. तिथे पाण्याचं जेल. तरीही दुखलं तर डॉक्टरांना विचारून इस्ट्रोजेनचं क्रीम, साधारण २ आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. गुण यायला काही आठवडे जातात. चार दिवसांत ट्यूब फेकू नका. रक्त दिसलं तर आधी तपासणी.

मडगावहून: सिल्डेनाफिल ही ताठरतेची गोळी, ६५ नंतर सहसा २५ मिलिग्रॅमपासून, तासभर आधी. शागोती (मटण-चिकनचा मसालेदार, तेलकट गोवन रस्सा) आणि पाव हाणून घेतली तर असर उशिरा होतो. मग लोक तीच गोळी आणखी एक घेतात, तिथेच चुकतं. छातीदुखीसाठी जिभेखालची नायट्रेटची गोळी असेल तर सिल्डेनाफिल अजिबात नको, रक्तदाब कोसळतो.

पुन्हा म्हापशाहून: ताठरता हल्लीच कमी झाली असेल तर साखर आणि हृदयही तपासा. लाजून फार्मसीतून परस्पर गोळी आणू नका.