चीत, चितपट आणि त्रिफळाचीत

वारणाकाठ

मला कुस्ती जिवापाड आवडते आणि क्रिकेट मुळीच आवडत नाही. पुढचं सगळं त्याच बाजूनं लिहिलेलं आहे, म्हणून आधीच सांगितलं.

परवा पेपरात खेळाच्या पानावर दोन बातम्या शेजारीशेजारी होत्या. एकीत ‘निकाल डावावर चितपट’, दुसरीत ‘पहिल्याच षटकात त्रिफळाचीत’. दोन्हीकडं ‘चीत’ एकच. चीत म्हणजे उताणा, पाठ भुईला. कुस्तीत तो अर्थ अक्षरशः लागू पडतो. क्रिकेटमध्ये फलंदाज उताणा कुठं पडतो? काखेत बॅट धरून चालत परत जातो. तरी तिथं त्रिफळाचीत, पायचीत, धावचीत, यष्टिचीत. झेल घेतला की मात्र ‘झेलबाद’. माझ्या मते क्रिकेटचं मराठी घडवणाऱ्यांच्या कानात कुस्तीच होती. हरणं म्हटलं की त्यांना चीत होणंच सुचलं.

शब्द मूळचा कसा वापरला जातो ते आमच्याकडच्या फडात ऐकावं. घिस्सा डाव बसतो, खालचा पैलवान कलंडतो, खांदे टेकल्यासारखे वाटतात. पंच गुडघ्यावर बसून वाकून बघतो. कडेची माणसं उभी राहून एकच विचारतात, “लागली का?” काय लागली, हे कुणी बोलत नाही. ‘पाठ’ हा शब्द गाळलेलाच असतो. मग पैलवान उठतो तेव्हा घामानं भिजलेल्या पाठीवर दोन्ही खांद्यांपर्यंत लाल माती चिकटलेली दिसते आणि वाद मिटतो. ‘पाठीला माती लागली’ हा वाक्प्रचार इथं डोळ्यांनी दिसतो. निवडणुकीच्या बातमीत तो वाचताना मला दरवेळी तीच पाठ आठवते.

लेखनाचं: शेवटी आला की ‘चीत’, पुढं ‘पट’ जोडला की ‘चितपट’. ‘चीतपट’ही छापलेलं दिसतं, मी ऱ्हस्व लिहितो.

विचारायचं ते असं. ‘निकाली’ आणि ‘खडाखडी’ हे शब्द तुमच्या भागात कुस्तीबाहेर कसे वापरतात?

मिरजकर

निकालीबद्दल सांगते. कचेरीत ‘प्रकरण निकाली काढलं’ म्हणजे संपवलं, मग न्याय झालेला असो वा नसो. ‘निकाली कुस्ती’त मात्र एकजण चितपट झालाच पाहिजे. बरोबरीत सोडवली तर ती निकाली नाही. कचेरीतल्या शब्दाला ती धार नाही.

पण क्रिकेटवर एवढा राग का हो? विजय हजारे आपल्या सांगलीतच जन्मले, 1915 साली. भारतानं पहिला कसोटी विजय मिळवला तो 1952 च्या फेब्रुवारीत मद्रासला, हजाऱ्यांच्या कप्तानीखाली. त्याआधी 1948 मध्ये ॲडलेडला त्यांनी एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतकं ठोकली होती. आणि हो, ‘डाव’ हा शब्दही दोन्ही खेळांत आहे.

वारणाकाठ

हजाऱ्यांचा मान मोठाच आहे, त्यावर वाद नाही. पण त्याच 1952 च्या उन्हाळ्यात खाशाबा जाधवांनी हेलसिंकीला कांस्यपदक घेतलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि माणूस सातारा जिल्ह्यातला, कराडजवळच्या गोळेश्वरचा. सगळी घडण मातीतली, आणि 1948 ला लंडनमध्ये मॅटवर उतरून सहावे आले होते. त्यांचं नाव आमच्या शाळेत कुणी घेतलं नाही. क्रिकेटपटूंची नावं मात्र पोरांना तोंडपाठ होती. माझी नावड तिथून सुरू होते.

दुसरं कारण खेळाचंच आहे. पाच दिवस खेळून ‘अनिर्णित’ हे मला सोसत नाही. कुस्ती बरोबरीत सोडवली तर माणसं हळहळत घरी जातात, कारण तिथं निकालाचीच अपेक्षा असते. क्रिकेटमध्ये अनिर्णित सामन्याचंही कौतुक होतं.

‘डाव’ दोन्हीकडं आहे हे खरं, पण अर्थ वेगळे. क्रिकेटमध्ये डाव म्हणजे पाळी. कुस्तीत डाव म्हणजे युक्ती, आणि प्रत्येकाला नाव: ढाक, कलाजंग, पट, मोळी, एकलंगी, धोबीपछाड. ‘निकाल’ हेसुद्धा एका डावाचंच नाव आहे.

नाट्यपंढरी

‘तालीम’ विसरू नका. मूळ अरबी शब्द, अर्थ शिक्षण. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, त्यामुळं या गावात नाटकाची तालीम आणि पैलवानाची तालीम हे दोन्ही शब्दप्रयोग रोजचे. फरक एवढाच की नाटकाची तालीम ‘होते’ किंवा ‘घेतात’, पैलवान मात्र तालमीत ‘जातो’. एकीकडं ती क्रिया, दुसरीकडं जागा. क्रिकेटला मात्र कुणीच तालीम म्हणत नाही, तिथं ‘प्रॅक्टिस’ आणि ‘नेट’.

वारणाकाठ

अगदी हेच मला म्हणायचं आहे. आमच्या माळावर क्रिकेट खेळणारी पोरं ‘बोल्ड’, ‘एलबी’, ‘रनआउट’ म्हणतात. पायचीत म्हणताना मी एकालाही ऐकलेलं नाही. क्रिकेटचं मराठी पेपरात आणि रेडिओच्या समालोचनात वाढलं, मैदानात फारसं उतरलं नाही. कुस्तीचं मराठी हौद्यातून, म्हणजे कुस्तीच्या मातीतून, घराघरांत गेलं: शड्डू ठोकला, आखाड्यात उतरला, अस्मान दाखवलं. आमची आजी एकही कुस्ती न बघता हे बोलायची.

मिरजकर

हे पटलं. एक भर घालते. सांगलीत 2023 ला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि आपल्याच जिल्ह्याच्या प्रतीक्षा बागडीनं गदा जिंकली. बातम्यांत ‘महिला मल्ल’ लिहिलं होतं. आमच्या गल्लीत सगळे “पैलवान पोरगी” म्हणत होते. मला दुसरं आवडलं. ‘पैलवान’ शब्दाला स्त्रीलिंगी प्रत्यय लावायची गरजच पडत नाही.

माणदेशी

खडाखडीचं सांगतो. म्हसवड-दहिवडीकडं जनावरांच्या बाजारात ऐकलंय: “अजून खडाखडीच चाललीय.” म्हणजे घेणारा-देणारा एकमेकांचा अंदाज घेतायत, खरा भाव कुणी काढलेला नाही. हौद्यात दोघं मनगटाला मनगट लावून ताकद अजमावतात तेच. भांडणाला आमच्याकडं खडाखडी म्हणत नाहीत, भांडणाच्या आधीच्या बोलण्याला म्हणतात.