चलन आलं, पण गाडी कोण चालवत होतं? तुमचे अनुभव सांगा

वेग ओलांडल्याचं ई-चलन गाडीच्या नंबरावर येतं. चालवणाऱ्याचं नाव त्यावर नसतं. घरात एक गाडी, चालवणारे तीन-चार आणि प्रसंग दोन-तीन आठवड्यांपूर्वीचा असेल, तर त्या वेळी कोण चालवत होतं हे छातीठोकपणे सांगता येत नाही. बहुतेक घरांत मग ‘भरून टाक आणि विषय मिटव’ असं होतं. मला हे पटत नाही. जो सुसाट गेला त्याला ते कळलंच पाहिजे, आणि जो नव्हता त्याच्या नावावर ते लागता कामा नये.

कायदाही नाव विचारू शकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ नुसार पोलिसांनी मागितल्यास चालकाचं नाव, पत्ता, लायसन्सची माहिती देणं मालकाला बंधनकारक आहे. खोटी माहिती दिली तर कलम १७९ खाली वेगळा दंड. वेगासाठी कलम १८३: हलक्या वाहनाला १००० ते २००० रुपये, आणि पुन्हा सापडलात तर लायसन्स जप्तीची तरतूद. म्हणजे नाव कोणाचं लागतं याला महत्त्व आहे.

आमच्याकडे मुंबई-पुणे एक्सप्रेस-वेचं चलन आलं, घाटातलं. त्या रात्री गाडीत मी, बायको आणि मेहुणा. तिघंही चालवणारे, आणि वाटेत अदलाबदल झालेली. चलनावरच्या फोटोत हेडलाइटचा झोत आणि नंबरप्लेट, बाकी अंधार. मेहुणा म्हणाला, मी कामशेतनंतर घेतली गाडी. बायको म्हणाली, नाही, फूड मॉललाच बदललो. वाद घालण्यापेक्षा तिघांचे फोन टेबलावर ठेवले. खालापूर टोलचा फास्टॅगचा मेसेज ८:१२ चा. फूड मॉलवर वडापाव आणि चहाचे पैसे मी यूपीआयने दिले ते ८:३१ ला. चलनाची वेळ ८:५८. मेहुण्याने ८:४० ला त्याच्या आईला ‘आता मी चालवतोय, पोचल्यावर फोन करतो’ असा मेसेज टाकलेला, तो त्यानेच शोधून दाखवला. पैसे त्याने भरले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घाटात मर्यादा किती खाली येते हे त्याला नीट माहीतच नव्हतं, ते त्या रात्री कळलं.

तुमच्याकडे असं झालं असेल तर लिहा. परदेशातल्यांनीही लिहा, तिथे हा प्रश्न फार कडक आहे असं ऐकतो.

बर्मिंगहॅम, इंग्लंड

कडक आहे. इथे पैसे भरून सुटताच येत नाही, आधी नाव द्यावं लागतं. गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्या पत्त्यावर ‘नोटीस ऑफ इंटेंडेड प्रॉसिक्युशन’, म्हणजे खटल्याची पूर्वसूचना, येते, आणि ही पहिली नोटीस गुन्ह्यापासून १४ दिवसांत पोचायला हवी. तिच्यासोबत १९८८ च्या रोड ट्रॅफिक ॲक्टच्या कलम १७२ खालची मागणी असते: २८ दिवसांत चालक कोण ते कळवा. न कळवल्यास लायसन्सवर ६ पॉइंट (दंडाचे गुण) आणि १००० पौंडांपर्यंत दंड. साध्या वेगाच्या गुन्ह्याला ३ पॉइंट आणि १०० पौंड असतात, म्हणजे गप्प बसणं पॉइंटांतच दुप्पट महाग. शिवाय विमा कंपन्या गप्प बसल्याच्या नोंदीकडे वाईट नजरेने बघतात.

मी आणि बायको लंडनला महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. परतताना एम-वन महामार्गावर न्यूपोर्ट पॅग्नेलला कॉफीसाठी थांबलो. नोटीस आली ती त्यानंतरच्या टप्प्यातली, वेळ २२:४७. कॉफीनंतर गाडी कोणी घेतली? मला वाटत होतं तिने, तिला वाटत होतं मी. पोलिसांना लिहून फोटो मागवला. ‘चालक ओळखण्यासाठी मदत म्हणून फोटो पाठवावा’ इतकंच लिहायचं, बाजू मांडायची नाही. फोटो मागून काढलेला. डिकी आणि नंबरप्लेट सोडून काही नाही.

मग दाराच्या कप्प्यात कॉफीची पावती सापडली, २२:१९ ची. त्याने कोडं सुटलं नाही. सुटलं ते मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमुळे. बायकोने २२:४१ पासून २२:५२ पर्यंत एकेक करून कार्यक्रमाचे फोटो टाकले होते, प्रत्येकाखाली दोन-दोन ओळी लिहून. स्टिअरिंगवर बसून हे शक्य नाही. मी माझं नाव भरून पाठवलं. वेग मर्यादेच्या फार वर नव्हता, त्यामुळे दंडाऐवजी स्पीड अवेअरनेस कोर्स मिळाला. तो आधीच्या तीन वर्षांत केलेला नसेल तरच मिळतो.

प्रयत्न करूनही चालक कळलाच नाही तर कायद्यात वाट आहे. ‘वाजवी मेहनत घेऊनही मला शोधता आलं नाही’ असा बचाव कलम १७२ च्या चौथ्या पोटकलमात आहे. पण तो कोर्टात सिद्ध करावा लागतो आणि तो भार तुमच्यावर. म्हणून काय काय तपासलं, कोणाला विचारलं, कधी विचारलं, हे पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा.

आणि प्रेमापोटी दुसऱ्याचं नाव कधीही देऊ नका. इथल्या माजी मंत्र्याचं, ख्रिस ह्यून यांचं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. २००३ मध्ये स्टॅनस्टेड विमानतळावरून येताना एम-इलेव्हनवर कॅमेऱ्यात सापडले, पॉइंट बायकोने घेतले. घटस्फोटानंतर ते बाहेर आलं आणि २०१३ मध्ये दोघांनाही आठ-आठ महिन्यांची कैद झाली. नव्या लायसन्सवाल्या मुलाला वाचवायला आईबापांना हाच मोह होतो, कारण पहिल्या दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्सच रद्द होतं. मोह होतो हे मला समजतं. तरी नाही.

सिडनी

वरच्याला जोड. मार्कस आइनफेल्ड, इथल्या फेडरल कोर्टाचे निवृत्त न्यायाधीश. २००६ मध्ये ७७ डॉलरचा वेगाचा दंड आला. गाडी मैत्रिणीला दिली होती असं त्यांनी शपथेवर सांगितलं. ती बाई २००३ मध्येच वारली होती. २००९ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. आमच्याकडे दुसऱ्याचं नाव द्यायचं तर वैधानिक घोषणापत्र, म्हणजे शपथेसारखं लेखी निवेदन, मागू शकतात. ते हातात आलं की मी हे प्रकरण आठवते आणि तारीख दोनदा तपासते.

श्टुटगार्ट, जर्मनी

इथे कॅमेरा समोरून चेहरा टिपतो, कारण शिक्षा गाडीच्या मालकाला नाही, चालवणाऱ्याला होते. आमच्या फोटोत सन व्हायझर खाली आणि त्यामागे अर्धी हनुवटी. मी आणि धाकटा भाऊ, दोघांनाही दाढी, दोघंही ती गाडी वापरणारे. जवळच्या नातेवाइकाविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क इथे आहे. पण चालक सापडला नाही तर अधिकारी गाडीला ‘फारटेनबूख’, म्हणजे प्रवासवही, लावू शकतात: प्रत्येक फेरीला चालकाचं नाव, तारीख, वेळ. आमच्या ओळखीत एकाला लागली आणि तो त्या वहीने अगदी मेटाकुटीला आला. आमच्या बाबतीत भावाच्या हातातलं घड्याळ फोटोत दिसलं. त्याने स्वतःच कळवलं.

नागपूर, गाड्या भाड्याने देतो

समृद्धीवर ताशी १२० ची मर्यादा आहे आणि रस्ता असा की १२० कधी ओलांडले कळत नाही. नागपूर-शिर्डी फेरीला मी दोन चालक देतो, रात्री झोप लागू नये म्हणून. चलन येतं तेव्हा दोघंही म्हणतात मी नव्हतो. बिचारे खोटं बोलत नाहीत, रात्रीच्या रस्त्यात खरंच आठवत नाही. जीपीएस गाडी कुठे होती, किती पळाली ते सांगतं. कोणाच्या हातात होती ते सांगत नाही.

पूर्वी ट्रॅव्हल्सच्या धंद्यात सर्रास दोघांच्या पगारातून निम्मे-निम्मे कापत. मी ते करत नाही. प्रत्येक गाडीत डॅशबोर्डच्या कप्प्यात शंभर पानी वही आहे, दोरीने पेन बांधलेलं. अदलाबदल झाली की किलोमीटर, वेळ, जागा आणि सही. ‘मालेगाव, २:१०, घेतली.’ एवढंच. सुरुवातीला कंटाळा करायचे. एकदा वहीमुळे एकाचं नाव साफ निघालं, तेव्हापासून न सांगता लिहितात.

कोल्हापूर

कोण चालवत होतं हा प्रश्न आमच्याकडे फारच चिघळला होता, कारण चलन ठाण्याचं आणि मुलगा त्या आठवड्यात मुंबईला मित्राकडे गेलेला. गाडी घेऊन गेला नव्हता असं तो जीव तोडून सांगत होता. वडिलांचा विश्वास बसेना. शेवटी मी चलनावरचा फोटो मोठा करून पाहिला. मॉडेल तेच, रंग तोच. पण आमच्या गाडीला मागच्या काचेवर वायपर आहे, फोटोतल्या गाडीला नव्हता. त्या तारखेला आमची गाडी इथे सर्व्हिसिंगला होती, जॉबकार्डवर किलोमीटरसकट नोंद. कोणीतरी आमचा नंबर लावून फिरत होतं. ई-चलनाच्या संकेतस्थळावर फोटो, जॉबकार्ड जोडून तक्रार टाकली आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घेतली. पोच घ्याच, पुढे त्याच नंबरावर काही गंभीर घडलं तर तोच कागद कामाला येतो. चलन रद्द झालं. मुलाशी बोलताना वडील अजून जरा अवघडतात.

तेव्हा ‘कोण होतं’ च्या आधी ‘गाडी आपलीच होती ना’ हे बघा.

सोलापूर

विकलेल्या स्कूटरचं चलन. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या, घेणाऱ्याने नाव बदललंच नाही. मेसेज मला येत राहिले. विकणाऱ्यानेही आरटीओला कळवायचं असतं, राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत. पोच असेल तर बोलता येतं. डीलरला देणार असाल तर अधिकृत डीलर बघा. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांनी गाडी त्याच्या ताब्यात गेल्याची नोंद होते, आणि ती कोणी, कशासाठी, कधी बाहेर काढली याचं इलेक्ट्रॉनिक रजिस्टर त्याला ठेवावं लागतं.

ठाणे

माझं थोडं वेगळं. घोडबंदर रोडवरचं चलन, दुपारी साडेतीनचं, आमच्या स्कूटरचं. नवरा ऑफिसात, मी शाळेत शिकवत होते. फोटोत हेल्मेट नाही, पाठीवर निळी सॅक. ती सॅक मीच भाच्याला दहावी झाल्यावर घेऊन दिली होती. तो आमच्याकडे राहून अकरावी करतोय, सतरा पूर्ण व्हायचे आहेत.

जाऊबाई म्हणाल्या, भावजींचं नाव सांग आणि मिटव. मी कलम १९९अ वाचून दाखवलं. अठरा वर्षांखालच्याने चालवली तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द. पण मला त्याहून भीती वाटली ती फोटोतल्या वेगाची. ताशी ७४, त्या रस्त्यावर, डोक्याला काही नाही. रात्री त्याला समोर बसवून फोटो दाखवला. तो रडला, मीही रडले. किल्ली आता माझ्या पर्समध्ये असते. पुढे काय करायचं ते वकिलांना विचारून करतोय, आणि त्यात खोटं नाव नसेल एवढं नक्की.

धागा काढणारा

कोल्हापूरकर, तुम्ही फोटो मोठा करून पाहिलात हे फार बरं केलंत. कितीजण चलनावरचा फोटो उघडतही नाहीत. २०२१ च्या केंद्रीय नियम १६७अ प्रमाणे कॅमेऱ्याच्या नोटिशीसोबत फोटो, मोजलेला वेग, तारीख, वेळ आणि जागा द्यावीच लागते, आणि नोटीस १५ दिवसांत निघायला हवी. उशिरा आली असेल तर तक्रारीत ते लिहा. एक सावधगिरी: ‘आरटीओ चलन’ नावाची एपीके फाइल (फोनमध्ये ॲप घालणारी) व्हॉट्सॲपवर आली तर उघडू नका, बँक खातं रिकामं होऊ शकतं. गाडीचा नंबर टाकून सरकारी संकेतस्थळावरच बघा.

नवी मुंबई, चालक

मी एका कुटुंबाची गाडी चालवतो. मीच एकटा नाही, साहेबांचा मुलगा चालवतो, रविवारी बदली चालक येतो. एकदा पगारात दोन हजार कमी आले. मॅडम म्हणाल्या, पाम बीचचं चलन आहे, तुझं. मला त्या तारखेचं काहीच आठवेना. मी म्हटलं, फोटो आणि तारीख तेवढी दाखवा.

तारीख पाहिली आणि आठवलं. आमच्या गावची जत्रा होती. मी आदल्या रात्रीच्या एसटीने साताऱ्याला गेलो होतो. तिकीट पाकिटात होतं, शाई पुसट झाली होती पण तारीख आणि वेळ वाचता येत होती. मॅडमना दाखवलं. त्यांनी लगेच पैसे परत दिले, साहेबांच्या मुलाला बोलावून माझ्यासमोर विचारलं. त्याने कबूल केलं. भल्या माणसांचं घर आहे म्हणून झालं. माझ्या बरोबरीच्या किती पोरांचे पैसे असेच जातात, आणि नोकरी जाईल म्हणून ती फोटोसुद्धा मागत नाहीत. मालक लोक हे वाचत असतील तर कापण्याआधी तारीख सांगा, फोटो दाखवा.

नागपूरच्या शेठची वही चांगली आहे. आमच्याकडे वही नाही, म्हणून मी गाडी हातात घेताना आणि किल्ली परत देताना मीटरचा फोटो काढून मॅडमना पाठवतो. आता बदली चालकही पाठवतो.